चौसष्ट

तौनो, तुझी ती खुंटी आज काढली.
ओउलूत दुपारचे तीन, बाहेर मिट्ट काळोख,
सायकलींच्या सीटवर वीतभर बर्फ,
माझा कॉफीचा चौथा कप.

तुला आठवत असेल, तेव्हा मशीनकडे
बेभरवशाचे आकडे मोजकेच असायचे.
तळं आटलं की प्रोग्राम रांगेत निजून राहायचे
आणि तू कीबोर्डवर बोटं बडवायचास,
माउस टेबलभर गरगर फिरवायचास,
म्हणायचास, घे बाई, घे थोडा गोंधळ.

म्हणून ती खुंटी:
तळ्यात किती साचलं की निजलेल्यांना उठवायचं.
तू चौसष्ट लिहिलंस.
चौसष्टच का, ते कुठे लिहिलं नाहीस.

मग तळंच बदललं.
आता एकदा भरलं की आटत नाही,
कोणी निजत नाही, उठवायचं कोणाला?
खुंटीमागची तार कापून सहा वर्षं झाली
(मीच कापली, तू रजेवर होतास),
खुंटी मात्र राहिली.
पिळली की पिळली जायची.
विचारलं की सांगायची: चौसष्ट.
किती अदबीनं खोटं बोलायची.

काढण्याआधी केमीला फोन लावला,
कागदाच्या कारखान्यात, सिस्कोला.
तिची स्क्रिप्ट रोज पहाटे
तिथे चौसष्ट लिहून येते.
"तौनोनं सांगितलेलं. तेव्हापासून एकदाही अडलं नाही."
मी म्हटलं, अगं, ते कशालाच जोडलेलं नाही.
पलीकडे नुसती रोलरांची घरघर.
मग म्हणाली, "पण चालतंय ना?"

कावळा बसतो,
फांदी तुटत नाही,
आणि श्रेय कावळ्याला.

सत्तेचाळीस ओळी. लाल झाल्या, गेल्या.
सुंभ कधीच जळला होता, मी फक्त पीळ झटकला,
असं स्वतःला समजावत होते
तर मध्येच तुझी टीप,
सगळ्या इंग्रजीत एकटी फिनिश:
"हात लावू नका. कारण नंतर लिहितो."

नंतर.

तीही काढली.
मशीन पुन्हा सुरू केलं, सोळा आकडे मागितले.
क्षणात आले, न मोजता, न कुरकुरता.
अकरावा चौसष्ट.

येतो कधीमधी. दोनशे छप्पन्नांतला एक,
त्यात विशेष काही नाही,
तुला तर मी हे सांगायलाच नको.
तरी पडदा पुसण्याआधी
गार झालेली कॉफी
मी सावकाश संपवली.