उंटावरून

अर्जावर पाच विषय होते,
पाचही वरच्या पातळीचे.
पालकांची सही इथे, म्हणून आर्द्रानं बोट ठेवलं
आणि मी उभ्या उभ्या सही ठोकली,
गाडीची किल्ली दातांत धरून.

तेव्हापासून तिच्या खोलीतला दिवा मालवत नाही.
सोहारच्या भट्ट्यांवरून मी पहाटे परततो,
बुटांवर ॲल्युमिनियमची राखाडी पूड,
आणि दाराखाली तीच पिवळी फट.
किती झालं? किती राहिलं?
चाचणीत किती? वर्गीसांच्या पोराला किती?
एके रात्री उत्तरादाखल
आतून नुसती कडी वाजली.

माझा डिप्लोमा इचलकरंजीचा, तोही रडतखडत.
तिच्या वहीतली ती लांब मानेची खूण
मला जुन्या शेजाऱ्यासारखी दिसते:
चेहरा ओळखीचा,
बोलायला मात्र काही नाही.

मग एका शुक्रवारी, बुरैमीच्या रस्त्यावर,
एक म्हातारा शेळ्या हाकताना दिसला.
पायी.
उंट मागून मोकळाच येत होता, काटे चघळत.
म्हातारा वाकायचा, एखादीच्या खुरातला खडा काढायचा,
पुन्हा चालू लागायचा.
मी काच खाली करून बघत राहिलो.
इतकी वर्षं ती म्हण मी दुसऱ्यांनाच लावत होतो.

घरी आलो, तिच्या खोलीतला एसी खोलला.
दोन वर्षं खडखडत होता, बाई कधी बोलली नाही.
पुठ्ठ्याची घडी बसवली, गप्प झाला.
रात्री बाहेर पॅसेजमध्ये मोज्यांच्या जोड्या लावत बसू लागलो.
दहीभात झाकून ठेवायचा.
आकडा विचारायचा नाही.
(दोनदा विचारला. जीभच ती.)

जानेवारीत कडी निघाली.
डोळे सुजलेले, हातात रसायनाचं पुस्तक.
"बाबा, हा एक सोडला तर?"

तोंडाशी बरंच काही आलं:
भरलेली फी, ताईचा सांगलीहून येणारा फोन,
वर्गीसांचा पोरगा.
आवंढ्याबरोबर गिळलं. म्हटलं, "बस आधी."

ती पाऊण तास बोलली.
मला त्यातलं पाच मिनिटांचं कळलं असेल,
रसायनाचं तर एक मिनिटही नाही.

सकाळी नवा अर्ज आला.
या वेळी खुर्ची ओढली, चष्मा लावला,
बारीक अक्षरांसकट सगळा वाचला.
पेन उठेना.
तिनं तिचं दिलं,
टोपण चावून चावून चपटं झालेलं.