तिसरं वळण

दिवसा हजार विड्या.
संध्याकाळी सातनंतर मी मेलेली.

गुरुशांतचा भूतबंगला गड्ड्यात, मौत का कुव्याच्या पाठीमागं:
पत्रे, बांबू, आणि बंद पडलेल्या कारखान्यातून
किलोवर आणलेल्या डागी चादरी.
बाहेरून ट्रकएवढा, आतून एकशे दहा पावलं.
वाट दुमडून दुमडून बसवलीय त्यानं,
पानात तंबाखू बसवावी तशी.

पहिल्या वळणावर काहीच नाही.
नुसता अंधार, आणि ओल्या सुताचे धागे
तोंडाला लागतील एवढ्या उंचीवर.
दुसऱ्यावर लाल दिवा, त्याखाली कवटी,
उघड उघड प्लास्टिकची.
लोक हसतात.
हसू दे, गुरुशांत म्हणतो,
हसलं की माणसाचा श्वास सुटतो, राजमणी.
सुटलेल्या श्वासात तू.

मी ओरडत नाही. ओरडणं टेपवर आहे.
मी पाठ करून बसते, जमिनीलगत,
आणि हात काढते.
घाईनं काढला तर हसतात,
उशिरा काढला तर माणूस पुढं गेलेला असतो.
मधे कुठंतरी एक क्षण आहे,
विडीचं तोंड नखानं मिटायला लागतो तेवढाच.
तो चुकला की किंकाळी छाट.

पहिल्या वर्षी एका पिलेल्यानं लाथ घातली,
अजून डाव्या कुशीवर झोपता येत नाही.
तेव्हापासून चादरीमागं श्रीनिवास, शिट्टी घेऊन;
एरवी तो चौथ्या वळणावरचा फाशी गेलेला.
जनरेटर बंद पडतो तेव्हा खरा अंधार होतो
आणि कुणीच घाबरत नाही.
सगळे मोबाईल काढतात,
आणि मी भर उजेडात,
पावडर घामानं ओघळलेली, पदर सावरत.
खोकला तर धरूनच ठेवायचा.
एकदा सुटला. छातीच्या तळातून, सुका, लांब.
रांगेतली दोन पोरं बाहेरच्या बाहेर पळाली.
गुरुशांत म्हणाला, हा ठेव.
तो मी आणलेला नव्हता, त्याला सांगितलं नाही.

शोभेच्या दारूची रात्र.
बाहेर आभाळ फुटत होतं, पत्रे थरथरत होते,
आमच्या टेपला कुणी विचारेना.
एक पोरगी आली, सात-आठ वर्षांची, एकटीच,
मागच्यांची चुकलेली.
मी हात काढला. वेळेवर काढला.
ती ओरडली नाही.
तिनं हात धरला, नाकाशी नेला,
आणि म्हणाली, अम्मा?

भुतांनी बोलायचं नसतं.
विडी घरकुलात निम्म्या बायांच्या हातांना हाच वास.
मी बोलले नाही, पण हातही सोडवला नाही.
उठले, आणि उरलेली चाळीस पावलं चालले तिच्याबरोबर.
श्रीनिवास वरून लटकला, त्याचं काम होतं ते.
"ए, अम्मा आहे," ती त्याला म्हणाली.
तो तसाच लोंबत राहिला, काय करावं कळेना.

दाराशी तिचा बाप घामाघूम, नाव पुकारत.
त्यानं बघितलं: पांढरं तोंड, मोकळे केस,
आणि त्या हातात त्याच्या लेकीचा हात.
काय ओरडला!
सगळ्या गड्ड्यातली उत्तम किंकाळी,
आणि मी काहीच केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुशांतनं लिंबू आणि राख दिली.
घासले. वास तिथंच.
मग हातमोजे आणले त्यानं, काळे, दुकानातले.
मोज्यात नखं आंधळी होतात,
क्षण कळत नाही.

मोजे कमरेला खोचलेत.
रांग पार पाळण्यापर्यंत गेलीय.
चादरीपलीकडं कुणीतरी हसतंय,
मोठ्यानं, मित्रांना ऐकू जाईल असं.

एक.
दोन.