सविस्तर चर्चा झाली

किसुमूच्या मिलिमानी भागात, आमच्या गल्लीच्या टोकाला
डॉक्टर ओम्बाकांचा बंगला. ते गेले, मुलगा परदेशी,
आणि एका सोमवारी फाटकावर पिवळा कागद:
या जागेत शाळा काढण्याचा मानस आहे,
हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे.

अकराव्या दिवशी आम्ही भाड्याचा मांडव घातला.
प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, त्यातल्या चार लंगड्या.
इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण दवाखान्यात तीस वर्षं मी रुग्णांचे तक्ते भरले
आणि माझं अक्षर लागतं.

इंजिनियर ओग्वेनो आकडे घेऊनच आले होते.
दोनशे चाळीस मुलं, प्रत्येकी दिवसातून तीनदा,
आणि सांडपाण्याची टाकी साहेबाच्या काळातली,
सहा माणसांपुरती.
कुणी हसलं नाही. सरोवराकडून वारा आला
आणि सगळ्यांनी मनातल्या मनात तो वास घेऊन पाहिला.

मग गाड्या. सकाळी सातला किती मोटारी, किती टुकटुक,
कोण कुणाच्या फाटकापुढे आडवं लावणार.
भामरा वहिनी म्हणाल्या, मुलांचं काही नाही हो,
पण भोंगा?
यानंतर बराच वेळ घोडं भोंग्यापाशीच अडलं.

रिस्पा उठली.
"माझा लेक साडेचारला उठतो, अंधारात मोजे उलटे घालतो.
व्हॅनमध्ये झोपतो, वर्गात झोपतो,
आणि तुम्ही मला टाकीचं सांगता!"
टाळ्या पडल्या.
टाकीला पडल्या होत्या तेवढ्याच.

कुणीतरी फी विचारली.
संस्थेच्या तरुणाने टाय सैल केला. म्हणाला, परवडेल अशी.
कुणाला, ते त्याने सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
मांडवाच्या खांबाला टेकून आमचा राखणदार सिमियु उभा होता.
एवढं ऐकलं आणि तो आपल्या फाटकाकडे परत गेला.
हे मी लिहिलं नाही.
इतिवृत्तात उठून जाणाऱ्यांना जागा नसते.

शेवटी पर्पेच्युआ बाई, बंगल्याच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या.
आम्हाला वाटलं, एकटी बाई, किलबिलाट हवासा वाटेल.
"अडतीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलं," त्या म्हणाल्या,
"एका वर्गात नव्वद पोरं. बाकं तीस.
मला आता फक्त माझ्या घड्याळाचा आवाज हवा आहे.
आणि ती शाळा इथून चारशे पावलांवर आहे अजून.
तुमच्यातलं कुणी तिच्या फाटकातून कधी आत गेलंय?"

वरच्या फांदीवर मराबू करकोचा
चोच वाजवत राहिला.
अध्यक्ष म्हणाले, बाई, हे विषयाला सोडून होतंय.

मतदान. अठरा बाजूने, अठरा विरुद्ध.
माझं मोजायचं राहिलं,
माझ्या हातात पेन होतं.
पुढची सभा महिन्याने. चहाही संपला होता.

घरी दिव्याखाली पक्कं लिहायला बसले:
सर्व मुद्द्यांवर सविस्तर चर्चा झाली.
बाईंचा प्रश्न मी अक्षरशः उतरवला होता,
अध्यक्षांकडून परत आला तेव्हा त्यावर आडवी रेघ.
दोन्ही प्रती ठेवल्यात. कशाला, विचारू नका.
दवाखान्यातली खोड, ताप उतरला
तरी तक्ता फाडायचा नसतो.

आज दूध आणायला निघाले तर त्या पिवळ्या कागदावर
'प्रायव्हेट' या शब्दाचंच स्पेलिंग चुकलेलं.
इतके दिवस सगळी गल्ली वाचत होती,
भांडत होती, कुणाला दिसलं नव्हतं.
आता ते लाल शाईने दुरुस्त,
आणि खाली, सवयीच्या वळणदार हातात,
गोल करून:

दहापैकी चार.
पुन्हा लिहून आण.