कळ

इथंच कळा आणायच्या, की खाडीपार पाठवायचं?
टॅबलेटची कळ दाबते. बिशप स्कोअर तीन,
उंची एकशे सेहेचाळीस, एक्केचाळिसावा आठवडा.
सिझरची शक्यता: अडुसष्ट टक्के.

भूलतज्ज्ञ पलीकडे. शेवटची फेरीबोट साडेनऊला.

सईदा होडेकर मान उचलून विचारते,
"अडुसष्ट म्हणजे पास का नापास?"

म्हणजे, तुझ्यासारख्या शंभरजणी.
तुझ्यासारख्या म्हणजे
एवढ्याच उंचीच्या, एवढेच दिवस भरलेल्या.
दाभोळच्या जेटीचा चढ
कोलंबीची पाटी घेऊन चढलेली त्यांत कुणी असेल का,
मला ठाऊक नाही. तसा रकाना नाही.
असता, तरी आकडा कुठं सरकला असता
तेही ठाऊक नाही.

भोंगा झाला. पाठवली.
भरलेली सुई ट्रेमध्ये तशीच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन:
अठरा तास कळ काढली तिनं.
टेबल तयार होतं, लागलं नाही.
मुलगी. दोन किलो नऊशे.

यंत्र चुकलं म्हणू नका;
बत्तीसजणी त्यानं मोजल्याच होत्या.

ओळ भरते. निकाल: नॉर्मल.
पुढच्या कुणाचा तरी आकडा केसभर हलेल.
शेऱ्याच्या रकान्यात, जो यंत्र वाचत नाही,
लिहिते: बोट मिळाली.