तिसरं रहस्य, आठवा मणी

आसोळण्याला आमच्या घरी
सातच्या घंटेनंतर कुणी ताटं मांडत नसे.
बांगड्यांचं हुमण झाकून ठेवून
मांय ओले हात फ्रॉकला पुसायची,
ओरातोराचा लाल बल्ब लावायची,
आणि सायबिणीच्या पुढ्यात,
मेणबत्त्या जरा बाजूला सारून,
टेपरेकॉर्डर ठेवायची.

पापा बोटीवर.
वेळ्ळीच्या कुणा तारवट्याच्या हाती
त्यानं एक कॅसेट पाठवली होती.
गाणी नव्हती तिच्यात, निरोपही फारसा नव्हता.
अर्धा तेर्स होता.

"नमान मारिये" म्हणून तो सुरू करायचा,
मध्यावर थांबायचा,
आणि आमच्या वाट्याची जागा कोरी सोडायचा.
त्या कोऱ्या जागेत इंजिनाची घरघर,
लांब कुठं पडलेला चमचा,
एकदा परक्या भाषेत कुणीतरी मारलेली हाक;
त्यांच्यावर आम्ही आमचं अर्धं ठेवायचो.
जागा त्यानं मापून सोडली होती.
रेमेदियु तेव्हा अडखळत बोलायचा,
म्हणून जरा लांबच.

मी काही फार भाविक नव्हते.
चटई गुडघ्यांना टोचायची,
मण्यांऐवजी मी डास मोजायचे.
आग्नेल सोळाचा,
त्याचा एक पाय कायम उंबऱ्याबाहेर,
मैदानावरून त्याला शिट्ट्या यायच्या.
मांय डोळे न उघडताच म्हणायची,
"बापूस बोलतोय. आत बस."

एका ठिकाणी मात्र पापा चुकला होता.
तिसरं रहस्य, आठवा मणी.
तिथं तो थांबायचंच विसरला.
आपलं अर्धं संपवून
आमचंही अर्धं तोच म्हणत गेला,
सावकाश, खालच्या आवाजात,
जसं माणूस खोलीत एकटा असताना म्हणतो.
एकटाच होता ना.

पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या आवाजावर जाऊन आदळलो.
दुसऱ्या दिवशी मांयनं ओठांवर बोट ठेवलं.
मग रोजचंच झालं:
आठव्या मण्याला आम्ही गप्प बसायचो,
त्याला म्हणू द्यायचो.
आग्नेलसुद्धा. तेवढ्या मण्यापुरता
त्याचा पाय आत यायचा.

तेर्स संपला की ओळीनं उभं राहून
आम्ही टेपरेकॉर्डरकडे बेसांव मागायचो.
"देव बरें करूं. रेमेदियु, माडावर चढू नको,"
आणि खट्.

पापा आला तो मे महिन्यात,
घोटे सुजलेले, बॅगेत साबण आणि चॉकलेटं,
आणि आमच्या सगळ्यांच्या मापाचे चुकलेले बूट.
पहिल्याच संध्याकाळी तो आमच्यात गुडघ्यांवर आला.
टेपरेकॉर्डर कपाटात गेला.
त्याचं अर्धं, आमचं अर्धं.
आमचं म्हणून झालं तरी तो थांबून राही;
रेमेदियु आता भरभर बोलतो
हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तिसऱ्या रहस्यात आठवा मणी आला.
त्यानं आपलं अर्धं म्हटलं. थांबला.
आम्ही कुणीच बोललो नाही.
त्यानं मांयकडे पाहिलं,
मग आग्नेलकडे. तो आत होता, पुरता आत.
बल्बभोवती एक किडा टपटप आपटत होता.
काय चुकलं, पापाला कळेना.
कुणी हसतंय का, तेही त्यानं पाहून घेतलं.
मग मान खाली घालून, सावकाश,
आमचं अर्धं त्यानंच म्हटलं.

हुमण त्या रात्री थंडच खाल्लं आम्ही.
त्याआधी बेसांव मागायला
रेमेदियु सगळ्यांत पुढे धावला
आणि सवयीनं हात जोडून
कपाटासमोर उभा राहिला.
कुणीतरी मागून येऊन
त्याच्या डोक्यावर हात ठेवला.