बाकी

सोजरबाईचं घड्याळ मी फुकट दुरुस्त केलं नाही,
हे आधी सांगतो. वहीत नोंद आहे:
एच.एम.टी., चावीचं, मुख्य स्प्रिंग नवी,
मजुरी एकशे वीस, बाकी.
पुढं तिचा निळा अंगठा.

घड्याळ तिच्या नवऱ्याचं. तो कालव्यावर पाटकरी होता,
कुणाच्या रानात पाणी किती वाजता वळवायचं
ते या दोन काट्यांवर ठरायचं,
आणि भांडणंही.

बाजाराच्या दिवशी आली, कमरेची चंची सोडली,
सुपारीच्या खांडांसोबत चार चकत्या
माझ्या काचेवर ओतल्या.
"सासूला घावल्या हुत्या पांढरीवर,
भिताडाला माती आणताना.
बाकी देते जवारी निघाल्यावर, इसाकभाऊ.
ह्ये निराळं. ह्ये तुम्हाला."

पहिली चकती मी चिंचेनं घासली.
चूक झाली. चेहरा उजळला,
पण नाकाचा शेंडा चिंचेबरोबर गेला.
मग बाकीच्यांना हात लावला नाही,
नुसतं भिंग डोळ्यात घालून बसलो,
तीन दिवस, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

पोतदाराच्या तराजूत साडेतीन ग्रॅमला जरा कमी.
चांदी. कडेनं अक्षरं,
मुलीच्या इंग्रजी पुस्तकातलीच, पण शब्द लागेना.
धाराशिवच्या सरांनी चित्रांचं पुस्तक दिलं
तेव्हा कळलं: तिबेरियस. रोमचा बादशहा.
दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून, मग बैलांच्या पाठीवरून
आमच्या तेरला आलेला.
मागल्या बाजूला खुर्चीत एक बाई, हातात फांदी.
ती त्याची आई असावी, पुस्तक म्हणतं, खात्री नाही.
सोजरबाईला दाखवली.
"बसाय मिळालंय म्हंजी राणीच असंल," ती म्हणाली.

दुसरं तसंच, पण बादशहाच्या गालावर
छिन्नीचा आडवा घाव.
आत तांबं तर नाही ना, कुणीतरी पाहिलं होतं.
आमच्या बाजारात विश्वास तेव्हाही असाच ठेवत.

तिसऱ्याला भिंग लागलं नाही.
चारमिनार. निजामाची आठ आणे.
मी मोठ्यानं हसलो, समोरचा चहावाला बघत राहिला.

चौथं काट्यावर ठेवलं तर काटा हललाच नाही म्हणावं इतकं हलकं.
माती. भाजलेली, लालसर,
वर दोऱ्यासाठी भोक.
तेच डोकं, तीच पानांची माळ,
आणि कडेनं अक्षरं, जी मी दोन रात्री लावत होतो
उजवीकडून, डावीकडून, आरशात धरून.
पुस्तकात नाहीत. कुठल्याच लिपीत नाहीत.
ज्यानं केलं त्याला वाचता येत नव्हतं.
त्यानं अक्षरं पाहिली होती फक्त,
जशी पाखरांची पावलं दिसतात ओल्या गाळावर,
आणि गळ्यात घालायला कुणाला तरी
एक बादशहा हवा होता, चांदीइतके पैसे नसताना.

सरांनी तीन नाणी मागितली, नोंदणीसाठी, रीतसर.
दिली. निजामही दिला.
मातीचं मागितलं नाही त्यांनी,
किंवा मी नीट दाखवलं नाही.

ते इथे आहे, जुन्या तबकड्यांच्या डबीत.
काल पालथं करून पाहिलं.
साचा दाबताना मागून बोट टेकवलेलं,
दहापट मोठं केल्यावर रेघा मोजता येतात,
मधोमध एक जुनी जखम, बुजलेली.
याचं पुस्तक कुणाकडे नाही.
उजेड गेला, तसा बल्ब लावला
आणि पुन्हा डोळ्यात भिंग घातलं.