हात बसलेला

मी सिस्टीम बसवतो.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये चार पेनड्राइव्ह,
स्कूटरच्या डिकीत एक जादा कीबोर्ड.
सकाळी भोसरी, दुपारी पर्वती पायथा,
मधला वेळ सिग्नलचा.

लोक विचारतात, कुठली चांगली?
मी तक्ता काढतो. डावीकडे फुकटची, उजवीकडे विकतची,
खाली वेग, सुरक्षा, पाच वर्षांचा खर्च.
तक्ता सगळे नीट बघतात.
तक्त्यावरून कुणी काही घेतल्याचं
अकरा वर्षांत मला आठवत नाही.

भोसरीचे काळोखे, प्रेस-शॉपवाले, म्हणाले,
"आमचे सीए जी वापरतात ती."
सीए शुक्रवार पेठेत. त्यांना विचारलं.
ते म्हणाले, "पार्टीकडे जी असते ती."
दोघांच्या मधे अख्खं शहर,
आणि कुणीच न निवडलेली एक सिस्टीम
दर एप्रिलला नूतनीकरणाचे पैसे घेते.

कोंढव्यात तांबोळींच्या क्लासने
निळी स्क्रीन आवडली म्हणून घेतली.
"हिरवी दवाखान्यासारखी वाटते."
मला हे कारण त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटलं.

पर्वतीच्या शाळेत मात्र जमत आलं होतं.
नवगिरे सर नवे, उत्साही.
फुकटची म्हटल्यावर खजिनदार हसले;
खजिनदारांना हसताना शिपायाने पहिल्यांदा पाहिलं.
ठराव झाला, सूचक-अनुमोदक झाले,
लॅबमधली बावीस मशीन मी एका रविवारी उरकली.
मुलं दोन दिवसांत सरावली.
मुलांचा प्रश्न कधीच नसतो.

राहिलं ऑफिसचं मशीन.
तिथे खळदकर बाई, अठ्ठावीस वर्षं.
कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली,
त्यांना ती लागतही नव्हती.
शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला,
"बाईंचा हात बसलाय हो त्याच्यावर."
म्हटलं, दुसरी बसवतोय ना मी.
बाई काही बोलल्या नाहीत.
खुर्ची सोडून उभ्या राहिल्या,
केर काढणाऱ्याला वाट द्यावी तशा.

तेवढ्यात खिडकीशी कुणी आली, कडेवर मूल.
दोन हजार सहाची बॅच,
दाखल्याची दुसरी प्रत हवी, पासपोर्टसाठी.
मी फाईल उघडली.
दाखला जुन्या फॉन्टमधला. तो फॉन्ट इथे नाही.
नावाच्या जागी एक डॉलर, एक तुटका कंस,
उलटं प्रश्नचिन्ह,
मग डोक्यावर दोन टिंबं घेतलेला कुठलासा परका वाय.
आईचं नाव: तीन चौकोन.
जन्मगाव, वर्तणूक: चौकोनच.

बाई चष्मा वर करून बघत राहिल्या.
मग हळू, तक्रार नव्हे, नोंद केल्यासारखं म्हणाल्या,
"अशी मुलगी आपल्या शाळेत नव्हती."
आणि खिडकीकडे वळून:
"वैजयंता ना तू? धुमाळांची?
वहीला कव्हर नसायचं तुझ्या."

मी सांगितलं, रूपांतर होतं.
एक प्रोग्राम आहे, एका रात्रीत सगळे दाखले,
फार तर जोडाक्षरं तपासावी लागतील, रफार, ऱ्हस्व-दीर्घ.
"दाखले किती?"
"अकरा हजार."
"तपासणार कोण?"
नवगिरे सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

संध्याकाळी जुनं मशीन परत जोडलं,
कोपऱ्यात, इंटरनेटशिवाय,
वर कुणीतरी जुना टेबलक्लॉथ घातला.
ठरावात त्याचा उल्लेख नाही.
प्रिंटर दोनदा खोकला
आणि वैजयंता कागदावर काना-मात्रेसकट उमटली,
वर्तणूक: चांगली.

मग मी बिल केलं.
सॅकमधून कार्बनचं पुस्तक काढलं,
निळा कागद खाली सरकवला,
पेन दाबून तारीख घातली.
बाई बघत होत्या.
"तुम्ही नाही का वापरत काही?"
"आहे ना, मोबाईलमध्ये आहे," म्हटलं, "चांगलं आहे."
आणि खालच्या ओळीला अक्षरी रक्कम लिहू लागलो.